रात्रपाळीला किती माणसे असतात?

प्रति,
मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : अंथरुणाला खिळलेल्या व परावलंबी प्रौढांना ठेवून घेणाऱ्या निवासी संस्थांसाठी देखभालीचे किमान निकष ठरवण्याबाबत.

महोदय / महोदया,

एकच पत्र तीन विभागांना लिहिण्याचे कारण असे की, ज्यांच्याबद्दल ते आहे ती माणसे तीन विभागांच्या कागदांत वाटली गेली असली तरी प्रत्यक्षात एकाच खोलीत शेजारशेजारच्या खाटांवर झोपतात. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांच्या कडेला भाड्याच्या बंगल्यांत किंवा रो-हाउसमध्ये चालणारी कितीतरी केंद्रे आज दिसतात. बाहेर पाटी वृद्धाश्रमाची असते, निवाऱ्याची असते किंवा नुसती 'केअर सेंटर' अशी असते. आत गेल्यावर पहिल्या खाटेवर स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशीच्या आजी, दुसरीवर पंचेचाळिशीत अर्धांगवायूचा झटका आलेला गृहस्थ आणि तिसरीवर आईवडील गेल्यानंतर भावाने आणून सोडलेली, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली पन्नाशीची बाई. आजींसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, त्या बाईंसाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि मधल्या गृहस्थांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नसेल तर त्यांच्यासाठी नेमके कोण उत्तरदायी आहे, हे विचारायला गेल्यास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जावे लागते. तिघांना कूस मात्र एकच मावशी बदलून देते, आणि माझे सगळे म्हणणे त्या मावशीपासून सुरू होते.

मी शासकीय रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर ओळखीतल्या कुटुंबांच्या सांगण्यावरून अशा केंद्रांमध्ये जाऊन कुणाची जखम पाहणे, कुणाची नळी बदलणे, नातेवाइकांना दोन गोष्टी समजावून सांगणे, असे काम करते. त्यामुळे या संस्था दिवसा कशा दिसतात आणि रात्री कशा चालतात, दोन्हींची मला कल्पना आहे. त्यातल्या काही इतक्या नीट चालतात की आमच्या वॉर्डांनी त्यांच्याकडून शिकावे. तक्रार कोणा एका संस्थेची नाही, म्हणून येथे कोणाचे नाव घेत नाही. तक्रार अशी आहे की चांगली संस्था आणि वाईट संस्था यांत फरक करायला शासनाकडे आज काहीही मोजमाप नाही. जे आहे ते इमारतीचे आहे.

२००७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, पण राज्यांवर तसे बंधन घातलेले नाही. त्याच कलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचे निकष ठरवण्याचा अधिकार राज्याला दिलेला आहे. केंद्राने राज्यांना पाठवलेल्या नमुना नियमांत माणशी ७.५ चौरस मीटर झोपण्याची जागा हवी, असे सांगितले आहे. अलीकडे, २०२४ मध्ये, महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, ज्यांत दारांची रुंदी, लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला लागणारी जागा, स्वच्छतागृहातले आधाराचे दांडे यांचा विचार केलेला आहे. सूचना चांगल्याच आहेत. पण त्या स्वतःच्या पैशाने घर विकत घेऊ शकणाऱ्या, बहुतेक हिंडत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी आहेत. ज्याला खाटेवरून उठताच येत नाही त्याच्यासाठी दार किती रुंद असावे यापेक्षा रात्री दोन वाजता त्या दारातून कोणी आत येते का, हा प्रश्न मोठा असतो, आणि त्याचे माप कोठेही लिहिलेले नाही.

ते माप काढणे अवघड नाही. पूर्ण परावलंबी माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची हाडे या ठिकाणी कातडीवर सतत दाब राहिला की रक्तपुरवठा थांबतो, आधी लालसर चट्टा उठतो, मग कातडी फाटते आणि पुढे हाडापर्यंत जाणारी जखम होते. हवेची गादी मदत करते, पण ती कूस बदलून देत नाही, हे नातेवाइकांना पटवताना नाकी नऊ येतात. आता एका केंद्रात असे १२ जण आहेत असे धरा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात प्रत्येकाची कूस चार वेळा बदलायची म्हणजे ४८ वेळा. दरवेळी ओला डायपर पाहणे, पुसून कोरडे करणे, चादर ताणणे, युरिन बॅग पाहणे आणि दोन घोट पाणी देणे धरले तर दहा मिनिटे कमीच. ४८ गुणिले १० म्हणजे ४८० मिनिटे, अर्थात पूर्ण आठ तास, आणि प्रौढ माणसाला न ओढता, कातडी न खरवडता वळवायला दोघे लागतात. म्हणजे १२ जणांसाठी दोन माणसे रात्रभर टेकलीच नाहीत तर हे काम जेमतेम होते. प्रत्यक्षात 'चोवीस तास देखभाल' देतो म्हणणाऱ्या किती केंद्रांत वीस-पंचवीस जणांमागे रात्री एकच मावशी असते, आणि तीही दिवसपाळी करून डबल ड्युटीला थांबलेली असते, हे आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा स्वतः पाहावे. ती बाई निष्काळजी नसते. तिला अशक्य काम दिलेले असते, आणि पहाटे सकाळच्या पाळीला हॅंडओव्हर देताना 'सगळे शांत होते' असे ती सांगते.

जेवणाचेही तसेच. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला बसते करून, मान किंचित पुढे घेऊन, घास गिळला की नाही ते पाहून मग पुढचा घास द्यायचा, तर एका जेवणाला पंचवीस मिनिटे लागतात. असे दहा जण असतील तर एका वेळच्या जेवणाला एका माणसाचे चार तासांहून जास्त काम झाले. तेवढे हात नसले की आडवे ठेवूनच पातळ खिचडी भराभर चमच्याने घातली जाते, अन्न श्वासनलिकेत जाते, छातीत न्यूमोनिया होतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर 'वार्धक्य' लिहिले जाते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नाकातून नळी. रुग्णालयातून तात्पुरती म्हणून बसवलेली राइल्स ट्यूब महिनोन् महिने तशीच राहते, कारण नळीतून दिलेले जेवण पाच मिनिटांत होते. लघवीच्या कॅथेटरचेही हेच. संडासापर्यंत धरून नेले तर चालू शकणारी माणसे केवळ धरायला कोणी नाही म्हणून डायपरवर जातात, मग त्यांचे चालणे सुटते आणि संस्थेच्या वहीत ती 'बेडरिडन' या वरच्या दराच्या रकान्यात जातात. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता दाखल होताना चालत आलेला माणूस सहा महिन्यांनी चालतो का, हाच मी संस्थेचा पहिला निकष मानते.

यापुढचा विषय बांधून ठेवण्याचा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाच्या झोपड्यांना आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळूच न शकल्याने २८ जण मेले. त्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने आपणहून घेतली होती. आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा साखळीने बांधण्यास कलम ९५ अन्वये पूर्ण मनाई करतो, आणि कलम ९७ अन्वये कोणत्याही प्रकारे जखडून ठेवणे हे केवळ तातडीचा धोका टाळण्यापुरते, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून आणि दरमहा मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवूनच करता येते. त्याच कलमात हेही स्पष्ट आहे की कर्मचारी कमी आहेत या सबबीवर कोणाला बांधता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना रात्रपाळीची चांगली कल्पना होती, असे ते वाक्य वाचताना मला नेहमी वाटते.

मात्र ज्या केंद्रांत मी मनगटे जुन्या ओढणीने खाटेला बांधलेली पाहते, ती केंद्रे स्वतःला मानसिक आरोग्य आस्थापना समजत नाहीत, आणि त्यांना तसे कोणी सांगतही नाही. वास्तविक या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे. मग स्मृतिभ्रंशाचे दहा रुग्ण ठेवून घेणाऱ्या वृद्धाश्रमाला कलम ६५ अन्वये नोंदणी लागते की नाही? त्याचप्रमाणे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ मध्ये आजार, इजा किंवा अशक्तता असलेल्यांना ठेवून त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा करणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी व्याख्या आहे. नाकात नळी, लघवीला नळी आणि पाठीवर जखम असलेली माणसे जिथे पैसे घेऊन ठेवली जातात ती जागा यात बसते की नाही, याचा खुलासा सार्वजनिक आरोग्य विभागाने एका परिपत्रकाने केला तरी अर्धा गोंधळ मिटेल. दिव्यांग कल्याण विभागाकडे २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० नुसार नोंदणीचा अधिकार आहेच. कायदे कमी नाहीत. प्रत्येक कायद्याच्या कुंपणाबाहेर थोडी जागा सुटली आहे आणि ही केंद्रे नेमकी तिथे उभी आहेत.

केंद्राकडून काही होईल म्हणून थांबण्यातही अर्थ उरलेला नाही. ज्येष्ठांच्या देखभाल केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झाले. दरम्यान आपल्या राज्यात २०११ च्या जनगणनेनुसारच साठी ओलांडलेले सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, आणि तेव्हा पासष्टीत असलेले आज ऐंशीच्या घरात आहेत.

फौजदारी कायद्याची बाजू तर पाहण्यासारखी आहे. असहाय माणसाची सेवा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणाऱ्याला १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९१ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. नव्या न्याय संहितेत कलम ३५७ आहे आणि दंडाची मर्यादा ५,००० रुपये झाली आहे. आईवडिलांना टाकून देणाऱ्या मुलालाही २००७ च्या कायद्यात जवळपास एवढीच शिक्षा आहे. तक्रार करायची कोणी, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे, पण ज्याच्या उशाशी फोन नाही आणि ज्याचे बोलणे समजत नाही त्याने तो कसा फिरवायचा? नातेवाइकांनी आवाज चढवला की 'तुमचा पेशंट उद्या घेऊन जा' हे उत्तर तयार असते, आणि मुलगी परदेशात, घरात दुसरे कोणी नाही, अशा कुटुंबाला त्या उत्तरापुढे गप्प बसावेच लागते. ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल येतो, त्याआधी दाढी होते, स्वच्छ सदरा चढतो, कॅमेरा चेहऱ्यावर धरला जातो. टाचा कोणी दाखवत नाही. परगावी, परदेशी असलेल्यांना मी एवढेच सांगते की दरवेळी टाचा आणि पाठ दाखवायला सांगा आणि महिन्याचे वजन विचारा. संस्था चांगली असेल तर तिला राग येत नाही.

आता माझे मागणे. सर्व प्रकारच्या परावलंबी प्रौढांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी, पाटीवर काहीही लिहिलेले असो, एकच नोंदणी आणि एकच किमान निकषपत्र तीनही विभागांनी मिळून काढावे, आणि त्याचा पाया परावलंबित्वाची पातळी हा असावा. हिंडतेफिरते, थोडा आधार लागणारे आणि पूर्ण परावलंबी अशा तीन पातळ्या पुरेशा आहेत, आणि प्रत्येक पातळीला दिवसा किती व रात्री किती काळजीवाहक हवेत, हे आकड्यांत लिहावे. तो आकडा मी येथे देत नाही, कारण तो प्रत्यक्ष कामाचे तास मोजून ठरायला हवा, पण वरचा हिशोब त्यासाठी सुरुवात म्हणून चालेल. पूर्ण परावलंबी माणसे असतील तिथे प्रत्येक पाळीला नोंदणीकृत परिचारिका असावी, कारण औषधांचे डबे भरण्याचे काम आज अनेक ठिकाणी अक्षरओळख नसलेल्या बाईवर सोपवलेले असते आणि रक्तदाबाची गोळी कोणाची व साखरेची कोणाची, हे तिने रंगावरून लक्षात ठेवायचे असते.

नोंदी चारच मागा, पण न चुकता मागा : कूस बदलल्याची वेळ, महिन्याचे वजन, पडण्याच्या घटना, आणि नव्याने झालेली दाबजखम. पंधरा-सोळा रजिस्टरे मागितलीत तर ती संध्याकाळी एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जातील, याची खात्री बाळगा. मृत्यू, गंभीर इजा आणि बांधून ठेवण्याचा प्रत्येक प्रसंग जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना ठरावीक मुदतीत लेखी कळवणे बंधनकारक करावे. तपासणीचा अहवाल संस्थेच्या दारावर आणि विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत लावावा. इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक केंद्राची श्रेणी आणि तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे हॉटेलचे स्वयंपाकघर पाहायला मिळावे म्हणून लोक भांडतात, तर आईला जिथे ठेवायचे त्या जागेचा अहवाल का मिळू नये? अनामत रकमेचेही नियम हवेत, कारण डिपॉझिट अडकले आहे म्हणून वाईट जागी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

मावशी आणि मामा यांच्याबद्दल वेगळे लिहिते, कारण निकषांच्या चर्चेत ते नेहमी शेवटी येतात. बहुतेकजण माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येतात, ब्युरो त्यांच्या पगारातून कमिशन घेतो, साप्ताहिक सुट्टी घेतली तर खाडा धरला जातो आणि बारा तासांची पाळी ही कमीत कमी समजली जाते. बदली माणूस आठवड्याला बदलतो, त्यामुळे कोणत्या आजोबांना डावीकडून भरवायचे, हे शिकेपर्यंत नवीन माणूस येतो. किमान वेतन, आठ तासांची पाळी, कूस बदलणे, भरवणे, उचलणे यांचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि पाठीच्या दुखण्यावर उपचार या गोष्टी संस्थेच्या नोंदणीच्या अटींत घातल्या नाहीत, तर बाकीचे निकष पाळायला कोणी उरणार नाही. याने शुल्क वाढेल, हे खरे आहे, आणि निराधारांच्या बाबतीत तो फरक शासनालाच अनुदानातून भरून द्यावा लागेल, हेही मी आडपडदा न ठेवता लिहिते.

नियम कडक केले तर रस्त्यावरून माणसे उचलून आणणाऱ्या छोट्या सेवाभावी संस्था बंद पडतील, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देऊन वाढवले आणि अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचे कोठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे शासनाला विचारत आहेत. अशा कामाला अर्जाच्या जंजाळात अडकवणे कोणालाच नको आहे. म्हणून मोफत सेवा देणाऱ्या संस्थांना निकष गाठायला मुदत, परिचारिकेच्या वेतनाचे अनुदान आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ठरलेल्या दिवशी डॉक्टर मिळावा. शुल्क घेणाऱ्यांना ही सवलत नको. पण दयेने ठेवून घेतलेल्या माणसालाही दाबजखम तशीच होते, तेव्हा सूट मुदतीत असावी, कूस बदलण्यात नसावी.

नियमांचा मसुदा करून त्यावर हरकती व सूचना मागवायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात समाजकल्याण सहायक आयुक्त आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या कार्यालयांतील एकेक अधिकारी व एक परिचारिका यांनी एकत्र, पूर्वसूचना न देता, मध्यरात्रीनंतर काही केंद्रांना भेट द्यावी. कागद पाहू नयेत. किती माणसे झोपलेली आहेत आणि किती जागी राहून काम करत आहेत, ते मोजावे. बाहेरच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि आग लागली तर ते दार किती वेळात उघडेल, हे तिथल्या तिथे उघडून पाहावे. चार जणांच्या टाचा पाहाव्यात, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवला आहे का ते पाहावे, आणि कामावर असलेल्या मावशींना त्या किती वाजल्यापासून पाळीवर आहेत, हे त्यांचे मालक समोर नसताना विचारावे. या भेटींसाठी परिचारिका कमी पडत असतील तर माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या, रात्रपाळीची सवय असलेल्या अनेकजणी प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आम्हाला मानधन नको, सोबत ओळखपत्र आणि आत जाण्याचा लेखी अधिकार तेवढा द्यावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
पुणे